वळणावरचा हात

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण माझ्यात बघून आजवर कुणी भांग पाडलेला नाही. मी गोल आहे, मोठ्या परातीएवढा, आणि मधोमध फुगलेला. रस्त्याच्या कडेला एका लोखंडी खांबावर, माणसाच्या दीडपट उंचीवर मला बसवले आहे. माझ्यासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे हिरव्या रंगाचे फाटक, फाटकातून खाली उतरणारी गाडीची वाट आणि त्या वाटेच्या तळाशी एक बैठे घर. रस्ता नेमका तिथेच वळतो. फाटकातून गाडी बाहेर काढणाऱ्याला वळणाकडून काय येत आहे ते दिसत नाही. ते दाखवणे हे माझे काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पारदर्शक प्लास्टिकचा जाड पत्रा भट्टीत मऊ करून त्यांनी खालून हवा सोडली, आणि साबणाचा फुगा यावा तसा मी वर आलो. मग पाठीवर ॲल्युमिनियमचा मुलामा चढला, केसाहून कितीतरी पातळ. तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईने मला उचलून स्वतःला न्याहाळले आणि शेजारणीला म्हणाली, "याच्यात मी बारीक दिसते गं. घरी न्यावा का?"

"ने की," शेजारीण म्हणाली. "नवरासुद्धा लांब दिसेल."

दोघी हसल्या. पण मित्रांनो, माझा सगळा दोष त्या चेष्टेत आला होता. सपाट आरसा जेवढ्यास तेवढे दाखवतो. मी फुगलेला असल्यामुळे पुष्कळ दाखवतो, पण लहान करून. आणि जे लहान दिसते ते माणसाला लांब वाटते. म्हणून त्या बाईने माझ्या कडेवर पिवळी पट्टी चिकटवली. तिच्यावर लिहिले होते, 'दिसते त्यापेक्षा वाहन जवळ आहे.'

मला ज्या फाटकासमोर आणले, तिथे माझ्याआधी एक बाई हे काम करत होती.

त्या घरातले आजोबा वजनकाटे तपासणारे. दुकानादुकानांतले काटे पारखण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावरही त्यांची जुनी निळी गाडी रोज सकाळी सहा पन्नासला फाटकातून निघायची. आजी त्यांच्याआधी चढ चढून रस्त्यावर यायच्या, वळणाच्या बाजूला कुंपणाला लागून उभ्या राहायच्या आणि रस्ता मोकळा असला की हात वर करायच्या. हात वर झाला की आजोबा गाडी काढायचे. चौतीस वर्षे हे असेच चालले. कधी ओरखडासुद्धा उठला नाही. मग एका हिवाळ्यात आजी आजारी पडल्या आणि अंथरुणातच गेल्या. त्यानंतर महिन्याभराने मी आलो. खांब रोवणारा गवंडी निघताना म्हणाला, "आता कुणी उभं राहायला नको, आजोबा. हा उभा राहील."

आजोबांनी त्याला चहा दिला.

पहिले सात दिवस ते गाडीत बसून माझ्याकडे बघत आणि सावकाश बाहेर पडत. आठव्या दिवशी धुके होते. सहा पन्नासला गाडी फाटकात आली, आजोबांनी वर पाहिले आणि इंजिन बंद केले. माझ्या उजव्या कडेला, म्हणजे त्यांच्या डाव्या हाताला, कुंपणाशी एक करडी आकृती उभी होती. तिचा एक हात वर होता.

आजोबा गाडीतून उतरले. रस्त्यावर येऊन वळणाकडे पाहिले. तिथे कुंपण होते, धुके होते आणि ओला रस्ता होता. ते परत गाडीत बसले. माझ्याकडे पाहिले. आकृती होती.

मग त्यांनी गाडी बाहेर काढली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते शिडी आणि ब्लेड घेऊन आले. माझ्या कडेवरची पिवळी पट्टी नेमकी आकृतीच्या पायांवर येत होती. त्यांनी ती खरवडून काढली. सूनबाई फाटकात उभ्या राहून बघत होत्या. त्या रुग्णालयात परिचारिका. त्यांचा नवरा, म्हणजे आजोबांचा मुलगा, जहाजावर नोकरीला असल्यामुळे घराचा कारभार त्यांच्याच हाती.

"बाबा, ती सूचना असते. का काढताय?"

"सूचना नवशिक्यांना," आजोबा म्हणाले. "मला कळतं."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या काट्यांवर सूचना चिकटवणाऱ्या माणसाने माझी सूचना काढली. ओल्या फडक्याने त्यांनी मला इतके लख्ख पुसले, की तेवढे कौतुक माझे पुन्हा कधी झाले नाही.

मित्रांनो, मी तुम्हाला माझ्याबद्दल एक खरी गोष्ट सांगतो. माझ्यात काहीच साठत नाही. समोरून जो प्रकाश येतो तो मी परत पाठवतो. काल कोण उभे होते ते मला विचाराल, तर माझ्याकडे पुरावा नाही. माझ्याकडे आहे ते फक्त त्या क्षणीचे. पण त्या क्षणी ती तिथे होती, एवढे मी शपथेवर सांगेन.

वर्षे गेली. कुंपण वाढत राहिले. आजींनी लावलेली ती गच्च पानांची झुडपे आधी खांद्याला आली, मग डोक्याच्या वर गेली आणि हळूहळू रस्त्यावर झुकली. फाटकातून थेट दिसणारा रस्ता दर वर्षी थोडा थोडा नाहीसा होत गेला. सूनबाई म्हणत, "बाबा, माळ्याला बोलावू?" आजोबा म्हणत, "आरसा आहे ना." पोस्टमन म्हणे, "तुमचं घर सापडत नाही हल्ली." आजोबा म्हणत, "पत्रं सापडतात ना, मग झालं." हिरव्या भिंतीला ते बोट लावू देत नव्हते. सहा पन्नासला गाडी यायची, माझ्या कडेला हात वर झालेला असायचा, आजोबांची मान किंचित हलायची आणि गाडी निघायची. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते त्या वेळी बाहेर पडत. रस्त्याला एक फेरी मारून परत येत.

हळूहळू ते माझ्यात रस्ता बघेनासे झाले. फक्त हात बघू लागले.

घरात एक नात होती. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आता ती एकोणीस वर्षांची होती, विज्ञान शिकत होती, पण नाव तेच राहिले. आजोबा तिला रोज सकाळी कॉलेजच्या बसपर्यंत सोडत. पावसाळा संपत आला होता, तेव्हाची ही गोष्ट. भिंगरी शेजारच्या सीटवर बसून वही चाळत होती. गाडी फाटकात आली. माझ्या कडेला हात वर झाला. माझ्या मधोमध, काडेपेटीएवढी, दुधाची व्हॅन होती.

आजोबांनी गाडी काढली.

ब्रेकचा आवाज मला खांबापर्यंत जाणवला. व्हॅन तिरकी होऊन माझ्या खांबापाशी थांबली. भिंगरीच्या दारापासून ती वीतभर लांब होती. मागचे क्रेट कलंडले आणि दूध रस्त्यावरून उताराला वाहू लागले. कुणाला लागले नव्हते. व्हॅनवाला उतरला.

"काका, आरसा काय शोभेला लावलाय? दिसलो नाही मी?"

"दिसलात," आजोबा म्हणाले. "लांब होतात."

"लांब? आणखी जरा लांब असतो तर तुमच्या मांडीवर बसलो असतो." मग त्याने भिंगरीकडे पाहिले आणि त्याचा आवाज उतरला. "पोरगी आहे गाडीत, काका. मला पण आहे एक."

संध्याकाळी फाटकापाशीच वाद झाला. सूनबाई म्हणाल्या, "उद्यापासून ती तुमच्या गाडीत बसणार नाही. आणि तुम्हीही गाडी काढू नका. चावी माझ्याकडे द्या."

आजोबांनी चावी काढली, पण मूठ उघडली नाही. "तिने हात केला होता," ते म्हणाले.

"कुणी?"

"तुझ्या सासूने."

सूनबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. रस्त्यावरच्या दुधावर माश्या बसत होत्या.

भिंगरी मात्र माझ्याकडे बघत होती. "कुठे दिसते, आजोबा? नेमकं कुठे?"

रविवारी दुपारी तिने प्रयोग मांडला. आजोबांना गाडीत बसवले, गाडीचे नाक रस्त्याच्या कडेला आणून ठेवले आणि स्वतः खडू, स्टॉपवॉच आणि टोकाला लाल फडके बांधलेली काठी घेऊन वळणावर गेली. सूनबाई फाटकात उभ्या होत्या, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवायला.

"आरशात दिसले की एकदा हॉर्न," भिंगरी ओरडली. "आरशाशिवाय, मान वळवून दिसले की दोनदा. आणि लाडाने आधी वाजवायचा नाही."

ती कुंपणाला धरून फाटकाकडे चालू लागली. फाटकापासून साठ पावलांवर एक हॉर्न झाला. तिने खडूची रेघ मारली. मग ती चालत राहिली. पन्नास, चाळीस, तीस, वीस. काही नाही. नऊ पावले उरली, तेव्हा दोन हॉर्न वाजले. तिने दुसरी रेघ मारली.

मग तिने तासभर बसून गाड्यांचा वेळ मोजला. साठ पावलांच्या रेघेपासून फाटकापर्यंत यायला गाडीला पावणेचार सेकंद लागत होते. नऊ पावलांच्या रेघेपासून अर्धा सेकंद. आणि आजोबांची निळी गाडी जागची हलून रस्त्याला सरळ लागायला घेत होती तीन सेकंद.

"म्हणजे कुंपणाने आपले सव्वातीन सेकंद खाल्लेत," भिंगरी आईला म्हणाली. "आणि आरशात गाड्या दिसतात, पण त्या लांबून येतायत असं वाटतं."

"आजोबांना सांग," सूनबाई म्हणाल्या.

"थांब. एक राहिलंय."

ती पुन्हा वळणाकडे गेली आणि या वेळी कुंपणाच्या कडेने हात फिरवत हळूहळू आली. फाटकापासून बाविसाव्या पावलावर तिचा हात आत गेला. मग खांदा गेला. मग ती सगळीच आत गेली.

मला ती दिसत होती. मी रस्त्याच्या या बाजूला होतो. कुंपणात एक पोकळी होती, माणसाच्या आकाराची. खांद्यांपाशी रुंद, पायांपाशी अरुंद. ती आत मावली, जणू तिच्याच मापाने शिवलेली. तोल सावरायला तिने वरची एक फांदी धरली.

आजोबांच्या हॉर्नचा आवाज आला तो थांबलाच नाही. सूनबाई धावत गाडीपाशी गेल्या. आजोबांचे दोन्ही हात हॉर्नवर होते आणि नजर माझ्यावर.

"तिथेच," ते म्हणाले. "तिथेच उभी असते. असाच हात असतो."

तिघे त्या पोकळीपाशी आले. आतली माती दगडासारखी घट्ट झाली होती. भिंगरीने धरलेली फांदी हाताच्या घासण्याने गुळगुळीत झाली होती, जुन्या जिन्याच्या कठड्यासारखी. आजोबांनी तिच्यावर तळवा ठेवला. ती त्यांच्या हाताला ओळखीची वाटली की अनोळखी, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले नाही.

सोमवारी सहा पन्नासला आजोबा आणि नात पायीच रस्त्यावर आले. पोकळीत एक बाई उभी होती. करडा कोट, खांद्याला पिशवी, वरची फांदी धरलेली. डोळे मिटलेले.

भिंगरी दचकून आजोबांना चिकटली. बाईने डोळे उघडले आणि तीही दचकली.

"अगं बाई. आज गाडी नाही?"

त्या पलीकडच्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करणाऱ्या आया होत्या. पाळी संपवून घरी निघत, तेव्हा निळ्या गाडीची वेळ व्हायची. "तुमच्या गाडीचा नेम नाही हो आजोबा," त्या म्हणाल्या. "ती फाटकातून एकदम उसळते. रस्त्याच्या कडेला चालायला जागा नाही, कुंपण अंगावर येतं. मग मी आत घुसून उभी राहते, जरा डोळे मिटते, गाडी गेली की निघते. रात्रभर उभी असते ना मी, तेवढाच विसावा."

"हात वर का करता?" आजोबांनी विचारले.

"फांदी धरते. नाहीतर डुलकी लागून पडेन रस्त्यात."

आजोबा खाली बघत राहिले. "म्हणजे तुम्ही होय," ते म्हणाले. एखादा काटा वर्षानुवर्षे एका बाजूला झुकत होता असे कळल्यावर दुकानदार जसा उभा राहतो, तसे ते उभे होते.

"किती वर्षं उभ्या राहताय इथे?" भिंगरीने विचारले.

"झाली की तीन. पोकळी मी नाही हं केली. आयतीच होती, म्हणून तर घुसले."

भिंगरीने आजोबांकडे पाहिले. मी खांबावर येऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. आजोबांनीही तो हिशेब केला असावा, कारण त्यांनी पुन्हा त्या गुळगुळीत फांदीकडे पाहिले. आयाबाईंना उशीर होत होता, त्या निघाल्या.

त्या दिवशी दुपारी भिंगरीने कागदावर आकृती काढून आजोबांना सगळे समजावले. साठ पावले, नऊ पावले, तीन सेकंद. आजोबांनी प्रत्येक आकडा दोनदा विचारला. शेवटी म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. पण कुंपण तिचं आहे. ते कापून मी काय करू?"

तेव्हा सूनबाई बोलल्या. भांडणाच्या आवाजात नव्हे.

"बाबा, आईंनी हे कुंपण कधी कमरेच्या वर जाऊ दिलं होतं का? आठवा. दर पंधरवड्याला कात्री घेऊन उभ्या असायच्या. मी नवी होते, मी म्हटलं वाढू द्या की, छान दिसेल. त्या म्हणाल्या, मी यांना दिसले पाहिजे आणि रस्ता मला दिसला पाहिजे. हे जे वाढलंय ना, ते आईंचं नाही. ते आईंच्या नंतरचं आहे."

आजोबा उठून घरात गेले. बऱ्याच वेळाने ते आजींची कुंपणाची कात्री घेऊन आले. ती गंजून बंद पडली होती. त्यांनी पायरीवर बसून तिला तेल घातले, पाती उघडमीट करून पाहिली, पुन्हा तेल घातले. पाती सुटायला संध्याकाळ झाली.

कुंपण उतरायला चार दिवस लागले. उंचीसाठी त्यांनी काठी किंवा फूटपट्टी घेतली नाही. ते आपल्याच कमरेपाशी हात धरून थोडे खाली मोजत होते, कारण आजी त्यांच्यापेक्षा बुटक्या होत्या. पोकळीपाशी आले तेव्हा ते थांबले. मग तीही कापली. गुळगुळीत फांदी त्यांनी बाजूला ठेवली आणि घरात नेली. बाविसाव्या पावलावर आता आडोसा उरला नाही. सूनबाईंनी माझ्या कडेवर नवी पिवळी पट्टी लावली आणि कुंपणाच्या कडेने आयाबाईंसाठी चालण्यापुरती फरसबंदी करून घेतली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फाटकातून साठाव्या पावलापर्यंतचा रस्ता थेट दिसू लागला. आजोबा गाडी काढताना काच खाली करत, मान वळवून वळण बघत, उजवीकडे बघत, पुन्हा वळण बघत. आयाबाई समोरून चालत येत आणि म्हणत, "या आजोबा, या. मी थांबते." ते म्हणत, "आधी तुम्ही जा." माझ्याकडे बघायला त्यांना कारणच उरले नाही. मला पुसायलाही कुणी येईना.

मित्रांनो, मला त्याचे वाईट वाटले नाही, असे म्हणणार नाही. पण खरे तर तेच बरे झाले. मी मदतीला आहे. डोळ्यांच्या जागी नाही.

आता आजोबा नाहीत. आयाबाई निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेल्या. माझ्या पाठीचा मुलामा कडेने उडत चालला आहे आणि उजव्या बाजूला एक करडा डाग पडला आहे. निळी गाडी आता भिंगरी चालवते. दर पंधरवड्याला ती तीच कात्री घेऊन कुंपण कमरेला आणते, आणि एखाद्या महिन्यात आठवण झाली तर शिडी लावून मलाही पुसते. पुसताना त्या डागावर फडके दोनदा फिरवते. डाग आतून आहे, तो जात नाही.

तुमच्या फाटकासमोर माझा एखादा भाऊबंद असेल, तर एवढे करा. त्याला स्वच्छ ठेवा. त्याच्यावरची सूचना खरवडू नका. रस्त्याकडेची झाडे, फलक, उभी वाहने नजरेच्या आड येऊ देऊ नका. आणि त्याच्यात काहीही दिसले, कितीही ओळखीचे दिसले, तरी गाडी काढण्याआधी मान वळवून स्वतः बघा.

कारण सकाळी सहा पन्नासला निळी गाडी फाटकात येते. रस्ता रिकामा असतो, कुंपण कमरेएवढे असते, बाविसाव्या पावलावर लपायला काही नसते. आणि माझ्या उजव्या कडेला तो करडा डाग हात वर करतो.

भिंगरीला तो दिसतो. ती हात बघून गाडी काढत नाही. ती काच खाली करते, वळणाकडे बघते, उजवीकडे बघते, पुन्हा वळणाकडे बघून मनात चारपर्यंत मोजते.

तिचे मोजून होते, तेव्हा तो हात खाली येतो.